ब्रेक व्हॅनमधला समुद्र

बाबांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पुरीला, रेल्वेच्या पासावर. १९८२ ची दिवाळीची सुट्टी होती. मी चौदा वर्षांची. आई पावलांवर लाट आली की लहान मुलीसारखी ओरडायची, मी वाळूत धावत सुटले होते, आणि बाबा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे होते. एक लाट फुटल्यावर दुसरी किती वेळाने फुटते ते मोजत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "टाइम फिक्स नाही याचा. कधी आठ सेकंद, कधी तेरा."

मालगाडीचे गार्ड होते ते. हल्ली त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या घरात गार्ड हाच शब्द राहिला.

नागपूरच्या माणसाला समुद्र म्हणजे दूरच्या नातेवाइकासारखा. असतो, पण भेट होत नाही. संध्याकाळी वारा खायला आपण फुटाळ्यावर जातो, पाऊस चांगला झाला की अंबाझरीचा ओव्हरफ्लो बघायला गर्दी करतो, आणि तेवढ्या पाण्यावर भागवतो. तरी या शहराची उंची मोजायची म्हटली तर समुद्रापासूनच मोजावी लागते, सुमारे ३१० मीटर. मी शाळेत भूगोल शिकवायची. नदीप्रणालीचा धडा आला की फळ्यावर नाग नदी काढायची आणि मुलांना सांगायची, या नदीत एक पान सोडा. ते कन्हानमध्ये जाईल, अंभोऱ्याला वैनगंगेत, पुढे वर्धा नदी येऊन मिळाली की तिचं नाव प्राणहिता, सिरोंच्याजवळ गोदावरी, आणि मग बंगालचा उपसागर. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "मॅडम, किती दिवस लागतील?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "मधात धरणं किती, ते पहिले मोज."

गार्डची नोकरी कशी असते हे मी लहानपणी फक्त त्यांच्या पेटीवरून ओळखायची. जड लोखंडी पेटी. तिच्यात हातबत्ती, लाल-हिरवी झेंडी, शिट्टी, प्रथमोपचाराचा डबा, आणि रुळावर लावायचे फटाके. इटारसी लाइनवर त्यांची ड्यूटी असायची. नागपूरहून निघालं की आमला, बैतूल, मग मरामझिरी-धाराखोहचा घाट, घोडाडोंगरी. सगळा सातपुडा. इंजिनात ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट असे दोघे. शेवटच्या डब्यात, म्हणजे ब्रेक व्हॅनमध्ये, गाडीच्या अगदी टोकाला, बाबा एकटे. मधे मालाच्या चाळीस-पन्नास वाघिणी. गाडी रात्री जंगलात अचानक थांबली आणि निघायची चिन्हं दिसली नाहीत, की गार्डने बत्ती घेऊन खाली उतरायचं आणि आल्या वाटेने मागे चालत जायचं. सहाशे मीटरवर एक फटाका, बाराशे मीटरवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतराने. मागून दुसरी गाडी आलीच तर तिच्या ड्रायव्हरला आवाज ऐकू जावा म्हणून. पावसात, अंधारात, स्लीपरवर पाय ठेवत. मी एकदा विचारलं होतं, भीती नाही वाटत? म्हणाले, "वाटते ना. पण फटाके लावायचे असतात."

हे सगळं आधी सांगितलं, कारण समुद्रात एकट्याने जाणाऱ्या माणसांचं वेड मला लागलं ते त्यांच्यामुळे, आणि ती माणसं मला कळली तीही त्यांच्या प्रश्नांतून.

२००९ च्या ऑगस्टमध्ये पेपरात बातमी आली. नौदलातले कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून एकटे, शिडाच्या बोटीने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले होते. बोटीचं नाव म्हादेई, लांबी छप्पन्न फूट. गोव्यात, रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. यामागे ध्यास व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटींचा. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळवलेले आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहायला गेले होते. समुद्राचं टिपूस दिसत नाही अशा गावात बसून त्यांनी भारतीय माणसाच्या सागर परिक्रमेचं स्वप्न धरून ठेवलं, ही गोष्ट मला फार जवळची वाटली. बातमी मी बाबांना वाचून दाखवली. तेव्हा त्यांना निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती. वाचून संपलं, आणि त्यांनी एकच विचारलं.

"तो झोपते कधी?"

खरं तर सगळ्या विषयाचं मर्म त्या प्रश्नात आहे. उत्तर शोधायला मला बरेच दिवस लागले. एकटा खलाशी तुकड्यातुकड्यांनी झोपतो. जहाजांची ये-जा असेल तिथे एका वेळी वीसेक मिनिटं. उठायचं, क्षितिजावर नजर फिरवायची, शिडं बघायची, परत पडायचं. अथांग दक्षिणेला, जिथे दिवसेंदिवस कोणी दिसत नाही, तिथे थोडं जास्त. तोवर बोट कोण हाकतं? काही बोटींवर यंत्र असतं, काहींवर वाऱ्यावर चालणारी पाती. ही पाती मागच्या बाजूला असते, बोट वाऱ्याच्या कोनातून सरकली की पाती कलते आणि तिला जोडलेलं सुकाणू बोटीला परत त्या कोनात आणतं. वीज लागत नाही, कंटाळा येत नाही. मात्र तिला फक्त वारा कळतो, दिशा नाही. तुम्ही झोपलात आणि वाऱ्याने दिशा बदलली, तर पातीही इमानाने वाऱ्याबरोबर वळते, आणि बोट न सांगता भलतीकडे निघते.

बाबांनी हे नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे जागं झाल्यावर पहिलं काम काय, तर आपण आहे कुठे."

दोंदे फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन असे चार थांबे घेऊन मे २०१० मध्ये परत आले. एकट्याने पृथ्वीला फेरी मारणारे पहिले भारतीय. पुढे त्याच म्हादेईवरून अभिलाष टॉमी नोव्हेंबर २०१२ मध्ये निघाले आणि कुठेही न थांबता, कोणाची मदत न घेता मार्च २०१३ अखेर परतले. आमच्या घरी भिंतीवर जगाचा नकाशा लागला तो याच काळात. त्यावर पेन्सिलीच्या खुणा बाबा करायचे.

आपण आहे कुठे, या प्रश्नावर ते अडून बसायचे. त्यांच्यासाठी मी फ्रँक वर्स्लीची गोष्ट शोधून काढली. १९१६ साल. अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघालेल्या शॅकल्टनचं जहाज तिथल्या बर्फात चिरडून गेलेलं, माणसं एलिफंट बेटावर अडकलेली. तिथून सहा जण साडेबावीस फुटी जेम्स केअर्ड नावाच्या होडीतून मदत आणायला निघाले, दक्षिण जॉर्जिया बेटाकडे, सुमारे आठशे सागरी मैल. पाणी इतकं थंड की बोटीवर बर्फाचा थर चढायचा आणि त्याच्या भाराने बोट बुडू नये म्हणून तो सरपटत जाऊन फोडावा लागायचा. झोपायच्या पिशव्या भिजून कुजलेल्या. दिशा ठरवायचं काम वर्स्लीकडे. सूर्य दिसला तर सेक्स्टंटने त्याची उंची मोजायची, पण त्या सगळ्या प्रवासात सूर्य हाती लागला तो चार वेळाच. बाकी सगळा अंदाज. वेग किती, दिशा कोणती, वेळ किती गेला, त्यावरून आपण कुठे असू. हिशोबात थोडी चूक झाली असती तर बेट बाजूने निघून गेलं असतं आणि पुढे नुसता अटलांटिक.

यातलं घड्याळाचं गणित सांगितलं तेव्हा बाबांचा चेहरा खुलला. पृथ्वी चोवीस तासांत एक फेरी मारते, म्हणून रेखांश म्हणजे वेळच. घड्याळ चार सेकंद चुकलं, की विषुववृत्तावर आपली जागा एक सागरी मैलाने चुकते. "चार सेकंद!" असं ते पुढचा आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. दूधवाल्यालाही.

एक गोष्ट मात्र मी त्यांना उशिरा सांगितली, कारण तीच मला झेपत नव्हती.

१९६८ मध्ये इंग्लंडात एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची पहिली शर्यत झाली. नऊ जण निघाले, पूर्ण एकाने केली, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्यांची बत्तीस फुटी सुहैली आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली. रेडिओ बंद पडला, महिनोनमहिने जगाला त्यांचा पत्ता नव्हता, आणि एप्रिल १९६९ मध्ये ते सुखरूप परत आले. त्याच शर्यतीत डोनाल्ड क्राउहर्स्ट होता. घर गहाण, धंदा बुडत चाललेला, बोट अर्धवट तयार. निघायची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर, तो त्याच दिवशी निघाला. थोड्याच दिवसांत त्याला कळून चुकलं असावं की ही तीन सांगाड्यांची बोट दक्षिणेच्या समुद्रात टिकणार नाही. पुढे जावं तर मरण, मागे फिरावं तर दिवाळं आणि नाचक्की. मग तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला, आणि रेडिओवरून खोट्या जागा कळवत राहिला. जगाला वाटत होतं तो पृथ्वी पालथी घालतोय. लॉगबुकात खोटी नोंद करायची तर ज्या ठिकाणी आपण नाही तिथला सूर्य कुठे असेल याचं उलटं गणित मांडावं लागतं. ते खऱ्या नोंदीपेक्षा अवघड असतं. जुलै १९६९ मध्ये त्याची बोट सापडली. शाबूत होती. तो नव्हता. नॉक्स-जॉन्स्टन यांनी बक्षिसाचे पाच हजार पौंड त्याच्या बायकामुलांना दिले.

त्या माणसाबद्दल मला कधी राग आला नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज असतं त्याला परत फिरणं किती महाग पडतं, हे विदर्भातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

बाबा ऐकून बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट सांगितली, जी आईलाही माहीत नव्हती. एका रात्री घाटाच्या अलीकडच्या स्टेशनातून गाडी किती वाजता सुटली हे त्यांनी जर्नलमध्ये लिहिलं नव्हतं. डोळा लागला होता. दोन मिनिटं, पाच मिनिटं, कोण जाणे. पुढच्या स्टेशनात त्यांनी अंदाजाने वेळ भरली. काही झालं नाही, कोणी विचारलं नाही. "पण मग समोरच्या सगळ्या नोंदी मले खोट्या वाटाय लागल्या," ते म्हणाले. "एक चुकीचा आकडा आला की तो पुढच्या आकड्यात शिरते." तेव्हापासून जी वेळ स्वतः पाहिली नाही, ती जागा ते कोरी सोडायचे, आणि त्याबद्दल साहेबाची बोलणी खायचे.

वादळात लहान बोट कशी तगते, हे समजून घ्यायला मला फार आवडतं, म्हणून इथे थोडी रेंगाळते. खोल समुद्रातली लाट कितीही उंच असली तरी ती पाणी वाहून नेत नाही, फक्त आकार पुढे सरकतो. बोट वर चढते, खाली उतरते. घातक असते ती फुटणारी लाट. तिचा माथा कोसळतो तेव्हा टनावारी पाणी खरोखरच धावत येतं. बोट तिला आडवी सापडली, तर बोटीच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याइतक्या उंचीची फुटती लाटही तिला पालथी करू शकते. म्हणजे दहा मीटरच्या बोटीला तीन मीटर पुरे. म्हणून वादळात सगळी धडपड आडवं न सापडण्याची. शिडं उतरवायची, मागे जाड दोर किंवा कापडी शंकूंची माळ सोडायची, म्हणजे बोटीचा वेग आवरतो आणि पाठ लाटेकडे राहते. तरीही ती उलटली तर तळाला असलेलं शिशाचं किंवा लोखंडाचं वजन तिला परत सरळ करतं, कितीही पाडली तरी उठून बसणाऱ्या बाहुलीसारखं. अट एकच, आत पाणी शिरायला नको. आणि आत काही सुटं असायला नको. बोट उलटते तेव्हा बॅटरी, डबे, नट-बोल्टचे पाने, शेगडी, सगळं दगडासारखं अंगावर येतं. खलाशी निघण्याआधी आठवडेच्या आठवडे नुसतं बांधत असतात ते याच्यासाठी.

१९७९ च्या ऑगस्टमध्ये आयर्लंडच्या दक्षिणेला फास्टनेट शर्यतीवर वादळ आलं. तीनशे तीन बोटी होत्या. पंधरा स्पर्धक गेले. चोवीस बोटी लोकांनी सोडून दिल्या, जीवरक्षक तराफ्यांत उतरले. वादळ ओसरल्यावर त्या चोवीसपैकी फक्त पाच बुडालेल्या निघाल्या. बाकीच्या तरंगत होत्या, आणि तराफ्यांत उतरलेल्यांपैकी काही जण मात्र परतले नाहीत. तेव्हापासून खलाशी म्हणतात, तराफ्यात खाली उतरायचं नसतं, वर चढायचं असतं. म्हणजे आपली बोट पायाखालून पुरती बुडाल्याशिवाय तिला सोडायचं नाही. हे वाक्य बाबांना इतकं पटलं की त्यांनी ते नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं, आमच्या भाषेत: "डब्बा सोडाचा नाही."

२१ सप्टेंबर २०१८ ला अभिलाष टॉमी पुन्हा बातम्यांत आले. जुन्या शर्यतीच्या आठवणीत भरवलेली नवी शर्यत, सेक्स्टंट आणि कागदी नकाशांवर चालणारी. त्यांची थुरिया ही सुहैलीचीच प्रतिकृती, तीही गोव्यात बांधलेली. हिंदी महासागराच्या दक्षिणेला, पाठ्यपुस्तकात आम्ही ज्यांना गरजणारे चाळीस म्हणतो त्या वाऱ्यांच्या पट्ट्याच्या काठाशी, वादळाने तिला पालथं केलं. ताशी १३० किलोमीटरच्या आसपास वारा, तेरा-चौदा मीटरच्या लाटा. डोलकाठी मोडली. त्यांच्या पाठीचा कणा दुखावला. उपग्रहावरून त्यांनी धाडलेला निरोप एवढाच: बोट उलटली, डोलकाठी गेली, पाठीला जबर मार, उठता येत नाही. ऑस्ट्रेलियाचा किनारा तिथून हजारो किलोमीटर. ते आत पडून होते आणि हाताला लागले ते आइस्ड टीचे डबे, तेही पोटात ठरत नव्हते.

ते तीन दिवस बाबांनी टीव्ही बंद करू दिला नाही. त्यांचा नेमका हट्ट होता की टॉमींच्या जागेचे अक्षांश-रेखांश कळले पाहिजेत. नौदलाचं विमान मॉरिशसहून उडून बोटीवर फिरून आलं. त्याच वादळात डोलकाठी गमावलेला ग्रेगर मॅकगकिन हा आयरिश स्पर्धक तात्पुरतं शीड उभारून त्यांच्या दिशेने निघाला. २४ सप्टेंबरला ओसिरिस ही फ्रेंच गस्ती नौका पोचली आणि टॉमींना स्ट्रेचरवरून उचललं. अॅमस्टरडॅम बेटावर नेलं. तिथून त्यांना आणायला भारतीय नौदलाचं जहाज गेलं, त्याचं नाव आयएनएस सातपुडा.

"सातपुडा?" बाबांनी दोनदा विचारलं. मग काहीच बोलले नाहीत. ज्या डोंगरात त्यांनी अर्धं आयुष्य एकट्याने काढलं, त्याचं नाव घेऊन कोणी तरी त्या दूरच्या माणसाकडे गेलं होतं. दीड-दोन महिन्यांतच, नोव्हेंबर २०१८ मध्ये, मनोहर आवटी गेले. टॉमी पाठीच्या शस्त्रक्रियेतून उठले, आणि २०२२ मध्ये त्याच शर्यतीला परत उभे राहिले. एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. पहिली आली कर्स्टन नॉयशेफर, दक्षिण आफ्रिकेची, जिने वाटेत दिशा बदलून बोट बुडालेल्या टापिओ लेहटिनेनला तराफ्यातून उचललं आणि मग पुढे जाऊन शर्यत जिंकली.

बाबा तोवर शहाऐंशी वर्षांचे झाले होते. खुब्याचं हाड मोडल्यापासून वॉकरशिवाय चालता येत नव्हतं. आई नव्हती. अंबाझरीच्या खालच्या अंगाला, नाग नदीपासून दोन गल्ल्या सोडून, तळमजल्यावर आम्ही दोघं.

२३ सप्टेंबर २०२३ ची ती रात्र नागपूरकर विसरणार नाहीत. मध्यरात्रीनंतर पाऊस असा लागला की खिडकीबाहेर आवाज वेगळा, विजा वेगळ्या असं काही उरलंच नाही. मी जागी झाले ती वासाने. मोरीतून पाणी वर येत होतं. दिवा लावला तर हॉलमध्ये चपला फिरत होत्या. बाहेरच्या दाराच्या फटीतून पाणी नुसतं झिरपत नव्हतं, दाराला ढकलत होतं.

बाबांच्या खोलीत गेले तर ते पलंगावर बसलेले. "पाणी येऊन राहिलं?" हो म्हटलं. "पहिले मेन बंद कर."

मेन स्विच जिन्याखाली. तिथवर जाताना पाणी पोटऱ्यांना लागलं होतं. बंद केला आणि अंधार झाला. मोबाइलच्या उजेडात परत येते तोवर स्वयंपाकघरात काहीतरी मोठं आपटलं. फ्रिज. पाण्याने उचलला, आडवा केला, आणि तो दाराशी येऊन अडकला. त्याच्यामागे गॅसचा सिलिंडर तरंगत भिंतीला ठोके देत होता. इतकी वर्षं मी उलटलेल्या बोटींत उडणाऱ्या डब्यांबद्दल वाचत होते, आणि माझ्या स्वयंपाकघरात एक वस्तू बांधलेली नव्हती.

माझ्या डोक्यात एकच होतं, बाहेर पडायचं. फाटकापलीकडे कार होती. बाबांना कसंही करून कारमध्ये घालायचं आणि उंचावर न्यायचं. मी दार उघडायला गेले तेव्हा त्यांनी हाक मारली. मोठ्याने नाही.

"बाई. बाहेर नको. वर."

बाहेर रस्त्यावरून जे वाहत होतं ते मी उजाडल्यावर पाहिलं. नदीच होती ती. कार फाटकापाशी नव्हती, कोपऱ्यावरच्या घराच्या कंपाउंडला जाऊन टेकली होती. त्या रात्री शहरात काही जीव गेले. आम्ही त्यांच्यात असू शकलो असतो, माझ्या घाईमुळे.

वरच्या वहिनींना हाका मारल्या. त्या आणि त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा खाली आले. बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. तेवढ्या गडबडीत बाबा म्हणाले, बांधा मले. आईची जुनी नऊवारी कपाटाच्या वरच्या फळीवर होती, कोरडी. मी ती त्यांच्या कमरेवरून आणि खुर्चीच्या पाठीमागून दोनदा घेतली. माझी गाठ त्यांना पसंत पडली नाही. अंधारात, स्वतःच्या हाताने, चाचपत, त्यांनी ती सोडून परत मारली. मग मुलगा पुढे, मी मागे, वहिनी दिवा धरून, एकेक पायरी. अकरा पायऱ्या मोजल्या मी. पाणी चौथ्या पायरीवर आमच्या मागे होतं.

उजाडलं तेव्हा गल्लीत नारिंगी रबरी बोट आली. जवान एकेका घराला हाक मारत, लोकांना, पिशव्यांना, एका कुत्र्याला उतरवून घेत चालले होते. आमच्यासमोर आल्यावर त्यांनी बोट फाटकाच्या खांबाला बांधली. बाबा बाल्कनीत खुर्चीवर होते, नऊवारी अजून कमरेला. त्यांनी कठड्यावरून वाकून बोटीची ती गाठ नीट पाहिली. जवानाने विचारलं, आजोबा, येता का? बाबांनी मान हलवली आणि शेजारच्या घराकडे बोट दाखवलं, तिथे एक बाळंतीण होती.

बोट गेल्यावर त्यांनी वहिनींच्या मुलाकडे वही मागितली. त्याने कॉलेजची जर्नलची वही दिली, अर्धी भरलेली. चष्मा खाली पाण्यात गेला होता, तेव्हा डोळ्यांशी वही धरून, मोठ्या अक्षरात, त्यांनी ओळी पाडल्या. गार्डच्या जर्नलसारख्या. तारीख. पाऊस. पाणी घरात. मेन बंद. वर आलो. बोट आली. समोर वेळेचा रकाना.

वर आल्याची वेळ मुलाने मोबाइलवर पाहिली होती, ती लिहिली. बोट आल्याची त्यांनी स्वतः घड्याळात पाहिली होती.

"मेन किती वाजता बंद केला?"

मला आठवेना. तीन असतील, म्हटलं. साडेतीन असतील.

"पाहिलं होतं?"

नाही म्हटलं.

त्यांनी पेनचं टोक त्या रकान्यावर ठेवलं, थोडा वेळ ठेवलं, आणि उचलून खालच्या ओळीवर नेलं. वही अजून आमच्याकडे आहे. मुलगा म्हणाला, राहू द्या, मी दुसरी घेईन. त्या पानावर मेन बंदच्या समोर काही लिहिलेलं नाही.